अभियंत्याची दुसरी पदवी : एक ऐतिहासिक आलोचन

स्मरणिकेसाठी लेख द्यावा अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा विषय शोधण्याचे श्रम आम्हांस पडले नाहीत. गेली काही वर्षे आपल्या मंडळाच्या विद्यार्थी निधीकडे जे अर्ज येतात, त्यांत एक नवा प्रकार दिसू लागला आहे. पूर्वी अर्ज येत ते महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्यांचे. आता बी. ई. होऊन नोकरीस लागलेले तरुण आणि तरुणी ‘एम. टेक. करावयाचे आहे, साहाय्य मिळेल काय?’ असे विचारीत आहेत. निधीच्या नियमांत ‘पहिली पदवी संपादन करीपर्यंत’ असे शब्द आहेत. ज्या वडीलधाऱ्यांनी ते घातले त्यांच्या काळी ते योग्यच होते, कारण ज्ञातीतील पदवीधर तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते. आज मात्र या शब्दांवरून कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. मिळवत्या मुलास शिष्यवृत्ती कशाला, असे एक पक्ष म्हणतो. पहिल्या पदवीवर आता चांगली नोकरीच मिळत नाही, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्षांतील मंडळी आमच्या स्नेहातील आहेत, आणि दोहोंचे म्हणणे आम्हांस अपुरे वाटते. म्हणून या दुसऱ्या पदवीने आपल्या देशात आजवर कोणास काय दिले, हे थोडे मागे जाऊन पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

पुण्यास १८५४ साली जी अभियांत्रिकीची शाळा निघाली, ती विद्वान घडविण्यासाठी नव्हती. सरकारी बांधकाम खात्यास रस्ते, पूल, कालवे यांच्या कामावर देखरेख करणारे हाताखालचे लोक हवे होते. पुढे मुंबई विद्यापीठाशी ती संलग्न झाली, एल. सी. ई. ही परीक्षा सुरू झाली, आणि १८८० साली संस्थेचे नाव ‘कॉलेज ऑफ सायन्स’ असे झाले. याच कॉलेजातून १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या एल. सी. ई. झाले. आपल्याकडे त्यांच्या नावाचा जयघोष पुष्कळ होतो, पण एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. ते पुण्यास आले तेव्हाच बी. ए. होते. बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली त्यांनी ती पदवी घेतली होती. म्हणजे अभियांत्रिकीची त्यांची पदवी ही, क्रमाने पाहिल्यास, दुसरीच होय. परीक्षेत त्यांचा पहिला क्रमांक आला, आणि १८८४ साली मुंबई सरकारने त्यांना असिस्टंट इंजिनियर नेमले. पहिल्या क्रमांकास नोकरी, आणि इतरांनी आपापला मार्ग शोधावा, असा तो काळ होता.

त्या काळी एतद्देशीय अभियंत्याच्या डोक्यावर एक छत होते, आणि ते विद्येचे नव्हते. इंग्लंडात विंडसरच्या जवळ कूपर्स हिल येथे १८७१ साली खास हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी एक कॉलेज काढण्यात आले. १९०६ साली ते बंद होईपर्यंत तेथून गोरे अभियंते थेट वरच्या जागांवर येत राहिले, आणि आपल्या लोकांस तेथे प्रवेश मिळे तो नावापुरता. पुणे, रुरकी, मद्रास येथून शिकून आलेल्या माणसास तीच गणिते, तेच कालवे, तीच वाळू आणि तोच चुना होता. परंतु पदवी कोठली, यावर त्याची बढती अवलंबून असे. परदेशी पदवीविषयी आपल्या समाजात आजही जो एक आदरयुक्त धाक आढळतो, त्याचे मूळ येथे असावे असे आमचे मत आहे. तो धाक विद्येपोटी जन्मला नाही, सरकारी नोकरीच्या जिन्यावर जन्मला.

तथापि केवळ विद्येसाठी गेलेलेही होते. १८८२ साली पुण्याचे केशव मल्हार भट हे अमेरिकेतील बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले. त्या संस्थेत पाऊल ठेवणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी होत. त्या वेळी ती संस्था जेमतेम वीस वर्षांची होती आणि इंग्रजी अमलाखालच्या नोकरीत तिच्या पदवीस कवडीचीही किंमत नव्हती. टिळक-आगरकरांच्या मंडळींनी चालविलेल्या ‘मराठा’ पत्राने मात्र तशा संस्थेची आपल्या देशास गरज आहे, हे फार लवकर ओळखले होते. पुढे १९०४ पासून सरकारनेही परदेशी तांत्रिक शिक्षणासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवल्या, पण त्या थोड्या होत्या. शिवाय जो शिकून येई, त्यास परत आल्यावर ती विद्या वापरावयास कारखानाच नसे.

हीच खरी अडचण होती, आणि वाचकांनी ती ध्यानी ठेवावी, कारण तिचा आम्हांस पुढे उपयोग आहे.

पदवीनंतरच्या अभ्यासाची सोय देशातच करण्याचा पहिला मोठा प्रयत्न जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून निघाला. बंगलोरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९०९ साली स्थापन झाली आणि १९११ साली तेथे विद्यार्थी आले. आरंभापासून ती संस्था पदवीधरांसाठी होती. मुंबईत विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्येचा विभाग १९३३ साली निघाला. त्याचीही घडी अशीच होती. बी. एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याने तेथे आणखी दोन वर्षे शिकून तंत्रविद्येची पदवी घ्यावयाची. सभोवार कापडाच्या गिरण्या, रंगाची आणि औषधांची कारखानदारी असल्यामुळे शिकलेल्या माणसास काम तयार असे. बंगलोरला १९४२ साली विमानविद्येचा विभाग निघाला, तोही शेजारी विमानांचा कारखाना उभा राहिल्यामुळेच.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा सरकारच्या योजना खात्याचे प्रमुख सर अर्देशीर दलाल यांनी पदवीधरांस मोठ्या संख्येने अमेरिकेत व इंग्लंडात पाठविण्याची योजना आखली. त्याच सुमारास नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. देशाच्या चार दिशांस चार उच्च तंत्रशिक्षण संस्था काढाव्यात, त्या बोस्टनच्या संस्थेच्या धर्तीवर असाव्यात, असे तिने सुचविले. त्यांपैकी पहिली १९५१ साली खड्गपूरजवळ हिजली येथे उघडण्यात आली, आणि तीही इंग्रजांनी राजबंद्यांसाठी वापरलेल्या तुरुंगाच्या इमारतीत. मुंबईची संस्था १९५८ साली सोव्हिएट रशियाच्या साहाय्याने वरळीच्या भाड्याच्या जागेत सुरू झाली. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईस तिची पायाभरणी केली. सरकार समितीच्या कल्पनेत पदव्युत्तर विद्यार्थी हे संस्थेचे शोभेचे अंग नव्हते. दर दोन पदवीपूर्व विद्यार्थ्यांमागे एक पदव्युत्तर विद्यार्थी असावा, इतके मोठे स्थान तिने त्यांस दिले होते.

आता थोडे स्वतःविषयी सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आम्ही १९७८ साली स्थापत्य शाखेचे बी. ई. होऊन एका सरकारी कार्यालयात लागलो. कचेरी सुटल्यावर संध्याकाळचे वर्ग करून तीन वर्षांत एम. ई. झालो, ते १९८५ साली. घरी दोन लहान मुले होती. आमच्या सौभाग्यवतींनी त्या तीन वर्षांत काय सोसले हे येथे लिहिण्याची त्यांची आम्हांस मनाई आहे. पदवी हाती आली त्या दिवशी पेढे घेऊन आम्ही साहेबांपुढे उभे राहिलो. त्यांनी पेढा घेतला, अभिनंदन केले, आणि मागील आठवड्याची मोजमापवही तपासून झाली का, असे विचारले. त्याच टेबलावर, त्याच फायलींपुढे, आम्ही आणखी आठ वर्षे बसलो. बढती ज्येष्ठता यादीप्रमाणे होत असे, आणि त्या यादीत एम. ई.साठी रकाना नव्हता. आमच्या पाठीमागून लागलेले व पुढे न शिकलेले गृहस्थ आमच्या इतक्याच वेगाने वर गेले. ‘बढतीसाठी शिका’ असे जे सांगतात, त्यांस आम्ही हे सांगत असतो.

असे असूनही ती तीन वर्षे व्यर्थ गेली असे आम्ही कधी म्हटले नाही. त्याचे कारण त्या अभ्यासक्रमात आम्हांस भेटलेले एक प्रकरण, आणि ते प्रकरण म्हणजे कोयना.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरास झालेल्या भूकंपाची आठवण आपल्या ज्ञातीतील सातारा-पाटणकडच्या वृद्ध मंडळींस असेल. सुमारे १८० माणसे गेली, गाव उद्ध्वस्त झाले. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, ही ईश्वराची कृपा आणि बांधणाऱ्यांची पुण्याई. परंतु सांडव्याच्या दोहो बाजूंच्या उंच भागांस आडव्या भेगा पडल्या. त्या वाटेल तेथे पडल्या नव्हत्या. धरणाच्या मागील अंगाचा उतार जेथे एकदम बदलतो, म्हणजे माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, तेथेच त्या मुख्यत्वे आढळल्या.

हे असे का व्हावे? धरणाचा आराखडा करणाऱ्यांनी भूकंपाचा विचार केला नव्हता असे नव्हे. धरणाच्या वजनाच्या शेकडा ५ इतका आडवा जोर लागेल असे त्यांनी धरले होते, आणि तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत सारखाच धरला होता. जगभर तेव्हा हीच रीत होती, त्यामुळे त्यांस दोष देता येत नाही. परंतु त्या रीतीच्या पोटात एक गृहीत दडलेले होते. ते असे की, धरण म्हणजे दगडाचा एक ठोकळा आहे आणि जमीन हलली की तो सगळाच तिच्याबरोबर हलतो. वस्तुतः उंच धरण उसाच्या कांड्यासारखे डोलते. पायथ्याशी बसलेला हिसका वर जाताना वाढत जातो, आणि जेथे जाडी एकाएकी कमी होते तेथे ताण साचतो. धरणाच्या आतच एक भूकंपमापक यंत्र बसविलेले होते. त्याने प्रवाहाच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्म्याइतका धक्का नोंदविला. गृहीत धरलेला जोर आणि यंत्राने टिपलेला क्षणिक धक्का यांची तुलना सरळसरळ करता येत नाही हे खरे, पण दोहोंतील अंतर पाहून कोणाचीही झोप उडावी.

या कोड्याची उकल जुन्या पुस्तकातील कोष्टकांनी होण्यासारखी नव्हती. रुरकीस प्रा. जय कृष्ण यांच्या प्रयत्नाने १९६० साली भूकंप अभियांत्रिकीचे विद्यालय निघाले होते. कोयनेच्या आधी सात वर्षे! तेव्हा अशा विषयास कोण विचारतो, असे अनेकांस वाटले असेल. त्याच जय कृष्णांनी चंद्रशेखरन् व सैनी या सहकाऱ्यांसह १९६९ साली कोयनेच्या नोंदीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. दुसरीकडे, काशी हिंदू विश्वविद्यालयातून बी. एस्सी. होऊन अनिल चोप्रा हे अमेरिकेत बर्कलीस गेले. १९६३ साली ते तेथे एम. एस. झाले आणि १९६६ साली डॉक्टरेट मिळविली. त्यांचा विषयच मुळी धरण भूकंपात कसे डोलते हा होता. त्यांनी व चक्रवर्ती यांनी १९७३ साली कोयनेच्या भेगांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो आजही जगभरच्या वर्गांतून शिकविला जातो. सर्व उंचीवर सारखा जोर धरण्याची रीत अशा धरणांस पुरेशी नाही, हे त्यात दाखविले होते. कोयना धरणास मागून काँक्रीटचे टेकू देऊन बळकटी आणण्यात आली. देशाच्या भूकंपविषयक मानकातील नकाशाही १९७० साली सुधारण्यात आला.

आम्ही एम. ई.च्या वर्गात हे गणित स्वतः करून पाहिले. त्या दिवशी आमच्या लक्षात आले की, पहिल्या पदवीने आम्हांस कोष्टक वाचावयास शिकविले होते. कोष्टक कशावर उभे आहे आणि कोणत्या ठिकाणी ते खोटे पडते, हे दुसऱ्या पदवीने शिकविले.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारी. सुमारे आठ हजार माणसे गेली, बहुतेक आपल्याच घराच्या भिंतीखाली आणि माळवदाच्या मातीखाली. तेव्हा वरच्या कचेरीत शोध सुरू झाला की, आपल्या खात्यात भूकंपाचे गणित शिकलेले कोण आहे? आठ वर्षे धूळ खात पडलेली आमची पदवी त्या दिवशी कोणा कारकुनास आठवली. जाड दगडी भिंतीचे दोन पदर एकमेकांस बांधणारे आरपार दगड कोठे घालावयाचे, दारांच्या वर सलग पट्टा कसा फिरवावयाचा, हे गवंड्यांस समजावीत आम्ही वर्षभर त्या गावांतून हिंडलो. त्यानंतर आम्हांस आराखडे विभागात घेतले गेले आणि निवृत्तीपर्यंत आम्ही तेथेच राहिलो. हुद्दा त्यामुळे फार वाढला असे नाही. काम मात्र बदलले.

मोठ्या माणसांची चरित्रेही आम्हांस हेच सांगतात. सतीश धवन हे लाहोरास गणित, इंग्रजी साहित्य आणि यंत्रशास्त्र शिकून अमेरिकेस गेले. १९५१ साली कॅलिफोर्नियातील पासाडेनाच्या संस्थेची डॉक्टरेट घेऊन त्यांनी बंगलोर गाठले. १९६२ साली ते तेथील संचालक झाले आणि १९७२ साली अवकाश संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली. गोव्यातील माशेल गावचे रघुनाथ माशेलकर हे माटुंग्याच्या त्याच विभागातून १९६६ साली रासायनिक अभियंता झाले, आणि १९६९ साली तेथेच त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या मातोश्रींचे कष्ट सर्वांस ठाऊक आहेत. सर दोराबजी टाटा न्यासाकडून त्यांना दरमहा साठ रुपये मिळत. साठ रुपये! आपल्या निधीच्या विश्वस्तांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा, असे आम्हांस फार दिवस वाटत आले आहे.

परंतु याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९८० नंतरच्या दशकात ‘गेट’ ही परीक्षा सुरू झाली, ती पदव्युत्तर प्रवेशासाठी. पुढे सरकारी कंपन्यांनी याच परीक्षेच्या गुणांवर नोकऱ्या देण्यास आरंभ केला. परिणाम असा झाला की, एम. टेक.ला नाव घालावयाचे, वसतिगृहात राहून नोकरीची वाट पाहावयाची, आणि बोलावणे आले की पहिल्याच वर्षी अभ्यास सोडावयाचा, अशी रीत पडली. त्या मुलांस आम्ही दोष देत नाही, कारण घरची चूल त्यांस आमच्यापेक्षा अधिक दिसते. पण एका विद्यार्थ्याची जागा त्यात फुकट जाते. अमेरिकेचेही तसेच. १९६५ च्या तेथील कायद्याने आपल्या लोकांस दार उघडले. २००४ च्या कायद्याने तेथील विद्यापीठांची मास्टर्स पदवी घेतलेल्यांसाठी कामाचे २०,००० जादा परवाने राखून ठेवण्यात आले. तेव्हापासून कित्येक कुटुंबांत ही पदवी परवान्याची किल्ली म्हणून घेतली जाते. त्यासाठी शेत गहाण पडते. किल्ली लागली तर ठीक. न लागली, तर परत आलेल्या मुलाजवळ कर्ज असते, आणि जो विषय त्याने मनापासून निवडलाच नव्हता त्याची पदवी असते. अशी दोन घरे आम्ही जवळून पाहिली आहेत.

म्हणून आमचे मत असे आहे की, दुसऱ्या पदवीने माणूस पुढे जातो तो तिच्यासाठी थांबलेले काम असेल तेव्हा, आणि ते काम कोणते हे त्यास ठाऊक असेल तेव्हा. निधीने अर्जदारास गुण विचारावेत, उत्पन्न विचारावे, पण सर्वांआधी ‘कोणता प्रश्न घेऊन चाललात?’ हे विचारावे. ज्यास उत्तर देता येईल, त्यास ‘पहिली पदवी’ हे दोन शब्द आड येऊ देऊ नयेत.

हे सारे लिहिण्यास निमित्त झालेला अर्ज एका मुलीचा आहे. कुटुंब पाटण तालुक्यातील असून वडील एस. टी.तून निवृत्त झाले आहेत. मुलगी स्थापत्य अभियंता असून पुण्यात एका ठेकेदाराकडे नोकरी करते. तिच्या पगारावर घराचा हप्ता आणि धाकट्या भावाचे कॉलेज चालते. गेटमध्ये तिला उत्तम गुण आहेत आणि भूकंप अभियांत्रिकी शिकण्याची तिची इच्छा आहे. सरकारी विद्यावेतन मिळेल, पण २०१४ साली जे दरमहा १२,४०० रुपये ठरले, तेवढ्यावर दोन घरे चालत नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. वडील म्हणाले, “भाऊसाहेब, पोरीचं लग्नाचं वय. दोन वर्षं आणखी कुठं घालवायची? आणि बढती मिळेल याची खात्री आहे का?” आम्ही खरे ते सांगितले की, खात्री नाही.

मुलगी चहा ठेवून तेथेच उभी राहिली. “काका, बढती कोणाला नको असते? पण मी तिथे दुसऱ्याने काढलेल्या आकड्यांवरून सळ्यांची यादी करते. कुठे किती वाकवायच्या, किती तोडायच्या. ते आकडे कुठून आले हे विचारलं, तर साहेब म्हणतात, सॉफ्टवेअरमधून. आमच्या आजीचं घर कोयनेच्या भूकंपात पडलं होतं. मला ते आकडे कुठून येतात ते शिकायचं आहे.”

गेटचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. त्यांपैकी एक वर्ष या मुलीचे आपल्या वादात गेले आहे. नियमातील ते दोन शब्द गाळण्याचा ठराव आम्ही लेखी दिला असून त्यावर तिघा सभासदांच्या सह्या आहेत. कार्यकारिणीची सभा स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी सायंकाळी भरेल. ज्या सभासदांस ठरावाच्या बाजूने अथवा विरुद्ध बोलावयाचे असेल, त्यांनी आपले नाव चिटणीसांकडे आधी द्यावे.